शिमुराला खलनायक ठरवण्याआधी

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा व्हिडिओ गेम पूर्ण केलेल्या कुणाशीही बोलायला बसा, थोड्याच वेळात तोच निकाल ऐकू येतो. लॉर्ड शिमुरा म्हणजे इज्जतीपायी माणसं मारणारा हट्टी म्हातारा. त्याचा भाचा जिन हा गेमचा नायक; त्याला परिस्थिती कळली, त्याने सामुराईपणाचं जोखड फेकून दिलं, म्हणून बेट वाचलं. खरा सामुराई पाठीमागून वार करत नसे, म्हणजे जिन सामुराई उरलाच नाही. आणि शेवटी स्वतःच वाढवलेल्या भाच्यावर तलवार उपसणारा शिमुरा हाच कथेतला खरा खलनायक. २०२० मध्ये गेम आला तेव्हापासून हे चाललंय, २०२४ मध्ये तो पीसीवर आल्यावर नव्या खेळाडूंनी हेच पुन्हा उचललं. मी हा गेम तीन वेळा खेळलोय. पहिल्या खेपेला मीही हेच म्हणत होतो. दुसऱ्या खेपेपासून ते पटेनासं झालं. का, ते मुद्द्याला मुद्दा धरून सांगतो. कथेचा शेवट यात उघड होतो, त्यामुळे खेळायचा बाकी असेल तर आधी खेळून या.

कथा थोडक्यात अशी. साल १२७४. मंगोल आरमार जपानच्या त्सुशिमा बेटाच्या कोमोदा किनाऱ्यावर उतरतं. ऐंशी सामुराई त्यांच्यावर चालून जातात आणि जवळजवळ सगळे मरतात. बेटाचा जितो, म्हणजे कारभारी, लॉर्ड शिमुरा मंगोलांचा सेनापती खोतून खान याच्या कैदेत पडतो. त्याचा भाचा जिन साकाई अर्धमेला होऊन वाचतो. युना नावाची चोर त्याला जगवते आणि तिच्या संगतीत तो लपूनछपून मारायला शिकतो. लोक त्याला ‘भूत’ म्हणू लागतात, गेमच्या नावातला ‘घोस्ट’ तो हाच. पुढे तो शिमुराला सोडवतो, मग शिमुराचा किल्ला परत घेण्यासाठी मंगोलांच्या दुधात विष कालवतो आणि तिथून दोघांची वाट वेगळी होते.

एक गोष्ट आधी नीट लावून घेऊ. गेमच्या इंग्रजीत ‘अंकल’ म्हटलंय म्हणून मराठीत बरेच जण शिमुराला जिनचा काका म्हणतात. तो मामा आहे. जिन साकाई घराण्याचा, शिमुरा वेगळ्या घराण्याचा, जिनच्या आईचा भाऊ. आई आजारपणात गेली, बाप डोळ्यांदेखत मारला गेला, आणि मामाने पोराला वाढवलं. शिमुराला मूल नाही. बहिणीचा मुलगा रीतसर दत्तक घ्यायचा, शोगुनकडून, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाकडून, मंजुरी आणायची आणि आपल्यामागे बेट त्याच्या हाती द्यायचं, हा त्याचा बेत. काका म्हटलं की ‘घराण्याचं नाव’ हा विषय आपोआप गृहीत धरला जातो. मामा म्हटलं की कळतं, हा माणूस दुसऱ्या घराण्याचा वारस आपल्या घरात आणू पाहतोय, आणि ते सगळं वरच्या मंजुरीवर टांगलेलं आहे.

आता पहिला मुद्दा: शिमुराला माणसांपेक्षा इज्जत मोठी वाटते. यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. किल्ल्यावरच्या हल्ल्यात मंगोल पूल उडवतात, कितीतरी माणसं जातात आणि त्यानंतरही शिमुराला पुन्हा समोरूनच चाल करायची असते. तिथे तो चुकतो. जिन त्याला अडवतो ते बरोबरच आहे, त्यावर माझा वाद नाही. पण तो चुकतो कशामुळे? ‘इज्जत’ हा एक शब्द टाकला की उत्तर मिळाल्यासारखं वाटतं आणि पुढचं कुणी बघत नाही.

पुढचं म्हणजे यारिकावा. बेटाच्या मध्यभागातलं हे गाव, तिथल्या घराण्याने पूर्वी शिमुराविरुद्ध बंड केलं होतं. ते बंड मोडलं गेलं, त्यात जिनच्या बापाचा, काझुमासा साकाईचा, मोठा हात होता. त्यामुळे जिन तिथे पोहोचतो तेव्हा गावकरी त्याच्या नावावर थुंकायला बसलेत. वेढा पडलाय, दारात मंगोल उभे आहेत, तरी जितोच्या माणसांची मदत घ्यायला ते कचरतात. मग जिन एकटा बाहेर पडतो, मंगोल सरदाराचं मुंडकं सगळ्यांसमोर उडवतो आणि आजूबाजूचे शिपाई गर्भगळीत होतात. रंग उडून पडदा काळा-पांढरा होतो, रक्त तेवढं लाल उरतं. खेळाडू म्हणून तो क्षण अंगावर येतो, मलाही आला. पण शिमुराच्या जागी बसून बघा. ज्या गावाने जितोपुढे मान तुकवायचं नाकारलं, ते गाव आता एका भुतामागे जायला तयार झालं. ते साकाई घराण्यामागे आलं नाही, शोगुनच्या सत्तेमागेही नाही. ते आलं भीती पेरणाऱ्या एका माणसामागे. बंड काय असतं हे शिमुराने पाहिलंय, ते मोडताना किती रक्त सांडतं हेही. जिनने वापरलेलं हत्यार त्याच्या दृष्टीने दुय्यम आहे. लोक कुणाचं ऐकतात, याची त्याला धास्ती आहे. शेवटच्या भेटीतही तो तेच सांगतो: जिनने लोकांना वरच्यांचा हुकूम मोडायला शिकवलं, म्हणून शोगुनला तो धोका वाटतो. नाकासमोर लढण्याचा धडा लहानपणी शिकवणाऱ्या मामाकडून आपण गुरुकुलातल्या नीतीची अपेक्षा करतो, आणि तो बोलत असतो राज्यकारभाराचं.

जितो हा शब्द इथे हलका घेऊ नका. हे पद खऱ्या इतिहासातलं आहे. ११८५ पासून कामाकुरा इथल्या लष्करी सत्तेने ठिकठिकाणी जितो नेमले. जमिनीची वसुली आणि सुव्यवस्था ही त्यांची कामं. जितो हा नेमलेला अधिकारी. वरून दिलेलं पद वरूनच काढून घेता येतं. शिमुरा या साखळीतला माणूस आहे आणि त्याचं प्रत्येक वाक्य त्या साखळीतून येतं.

दुसरा मुद्दा: जिनने सामुराईपणा टाकला आणि शिमुरा त्याला चिकटून राहिला. मला हा दावा सर्वात कच्चा वाटतो, कारण त्याच्या विरुद्धचा पुरावा एकाच किल्ल्यात, एकाच रात्रीत समोर ठेवलाय आणि तरी तो नजरेतून सुटतो.

ती रात्र आठवा. जिन अंधारात आत शिरतो, विष कालवतो. मंगोल हसत-खिदळत दूध पितात आणि एकेक जण रक्त ओकत कोसळतो. आपण त्या मेलेल्या आणि मरणाऱ्या माणसांमधून चालत वर जातो. वर र्‍यूझो भेटतो, जिनचा लहानपणापासूनचा दोस्त. उपाशी साथीदारांना खायला घालता यावं म्हणून तो खानाला फितूर झाला आणि मग फितुरीतून बाहेर पडायची वाटच राहिली नाही. आता तो जिनला गळ घालतो: सांग ना, मी तुझाच हेर होतो म्हणून. एक खोटं बोललास की मी वाचतो. जिन नाही म्हणतो. दोघे लढतात आणि र्‍यूझो मरतो.

त्यानंतर शिमुरा येतो. विषाने सडलेली प्रेतं बघून त्याचा संताप होतो. आणि मग हाच ‘इज्जतीने आंधळा’ माणूस जिनपुढे काय ठेवतो? एक खोटं. हे विष युनाने घातलं असं शोगुनला सांगू. ती चोर आहे, तिचा बळी जाईल, तू वाचशील, दत्तकविधान होईल. म्हणजे भाच्यासाठी शिमुरा स्वतःचा नियम मोडायला तयार आहे. एका निरपराध बाईला फासावर द्यायलाही तयार आहे. आणि मोडत नाही तो जिन. काही वेळापूर्वी त्याने दोस्ताला जे खोटं नाकारलं, तेच तो आता स्वतःसाठी नाकारतो. केलंय ते मी केलं, मीच भूत, म्हणतो आणि कैदेत जातो.

आता सांगा, त्या रात्री सामुराईपणा कुणी टाकला? केल्याची जबाबदारी घ्यायची आणि आपल्या आश्रयाला आलेल्या माणसाला विकायचं नाही, ही जुन्या शिकवणीतली सर्वात जड गोष्ट जिनच पाळतो. लपून मारण्याची पद्धत त्याने घेतली, पण मामाने शिकवलेला कणा सोडला नाही. आणि शिमुरा घसरतो तो मायेपोटी. दोघांच्या भूमिका या ठिकाणी अगदी उलट झाल्यात, आणि मला हे या कथेतलं सर्वात देखणं काम वाटतं.

विषाचं पुढे काय होतं, तेही जिनच्या बाजूने बोलणारे सहसा वगळतात. खान ते विष मिळवतो आणि बेटावरच्याच लोकांवर वापरतो. शिमुराची भीती नुसती म्हाताऱ्याची कुरकुर नव्हती, हे गेम स्वतः दाखवतो. जिन चुकला असं मी म्हणत नाही. त्याने लावलेल्या आगीचा चटका त्याच्याच माणसांना बसला, एवढं तरी मोजा.

तिसरा मुद्दा इतिहासाच्या नावावर सांगितला जातो: खरा सामुराई बुशिदो, म्हणजे योद्ध्याची आचारसंहिता, पाळायचा, समोरासमोरच लढायचा. हे १२७४ च्या जपानवर लादणं चूक आहे. ज्याला आपण आज बुशिदो म्हणतो, ती मांडणी फार पुढची. सामुराईच्या आचाराबद्दलचं प्रसिद्ध ‘हागाकुरे’ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, म्हणजे लढाया थांबून शंभरेक वर्षं झाल्यानंतरचं. जगभर गाजलेलं ‘बुशिदो’ हे पुस्तक इनाझो नितोबे यांनी १९०० च्या सुमारास इंग्रजीत लिहिलं, परदेशी वाचकांसाठी. कामाकुरा काळातला योद्धा ‘धनुष्य आणि घोड्याचा मार्ग’ म्हणायचा, आणि त्या मार्गात रात्रीचे हल्ले बसत होते. ११५६ च्या होगेन बंडात मिनामोतो तामेतोमो या योद्ध्याने रात्रीच हल्ला करू असं सुचवलं. त्याच्या बाजूच्या दरबारी मुत्सद्द्याने ते झिडकारलं, आणि त्याच रात्री विरुद्ध बाजूने छापा घालून लढाई जिंकली. ११८४ मध्ये मिनामोतो घराण्याचाच सेनापती योशित्सुने इचि-नो-तानी इथे शत्रूच्या पाठीमागच्या कड्यावरून घोडे उतरवून आला, आणि त्याबद्दल त्याला कुणी भ्याड म्हटलं नाही. १२८१ मध्ये मंगोल पुन्हा आले तेव्हा जपानी योद्धे छोट्या होड्यांतून त्यांच्या जहाजांवर छापे घालत होते.

आणि मोबदला! ताकेझाकी सुएनागा नावाचा एक सामुराई १२७४ ला जेमतेम चार साथीदारांसह लढला, पुढच्या वर्षी थेट कामाकुराला जाऊन आपला पराक्रम मांडला आणि जितोपद पदरात पाडून घेतलं. मग त्या लढायांची चित्रगुंडाळी काढवून घेतली, ती आजही आहे. त्या काळच्या योद्ध्याला इज्जत आणि जमीन या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या. तेव्हा शिमुराची तत्त्वं ‘खरी ऐतिहासिक’ आणि जिनची ‘आधुनिक’ ही विभागणी टिकत नाही. कथाकारांनी उत्तरकाळातला बुशिदो तेराव्या शतकात नेऊन ठेवलाय, जिनला हायकू, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या कविता, रचायला लावलंय तसंच. हायकू हा प्रकार तेव्हा नव्हताच. त्यांना ते स्वातंत्र्य आहे. पण मग गेमच्या आधारे इतिहासावर निकाल देऊ नका. खऱ्या कोमोदावर बेटाचा बचाव करणारा सो सुकेकुनी सुमारे ऐंशी स्वारांसह लढून मेला, बेट पडलं आणि आरमार पुढे इकी बेटाकडे गेलं. तिथे कुठलंही भूत उभं राहिलं नाही.

आपल्याकडे या दाव्याला एक शेपूटही जोडतात: जिन करतो तो गनिमी कावा, म्हणजे तो बरोबरच. लपून वार करणं एवढ्यापुरतं साम्य आहे. पण १६६३ मध्ये लाल महालात शाईस्ताखानावर रात्री छापा पडला, तेव्हा महाराज स्वतः त्यात होते. ते राज्याचंच धोरण होतं, राजाच्या हुकमाने आणि राजाच्या देखत. जिनचं दुखणं नेमकं उलटं. तो ज्याच्या नावाने लढतो, त्याच्याच हुकमाविरुद्ध लढतो. हा फरक पुसला तर मामा-भाच्याच्या भांडणात उरतं काय?

शेवटाबद्दल. शिमुरा निर्दय, भाच्याला मारायला आला, असं म्हणतात. खान पडलाय, आणि त्या लढाईत शिमुराचं सैन्य जिनच्या मदतीला आलेलं असतं, हे विसरू नका. त्यानंतर शोगुनचा हुकूम येतो: साकाई घराणं बरखास्त, जिनचं डोकं हवं. शिमुरा जिनला भेटतो, दोघे घोड्यांवरून रमतगमत साकाईंच्या कबरींपाशी जातात. लाल पानांचा सडा पडलाय. तिथे बसून दोघे एक काव्य रचतात. मग लढतात. शिमुरा पडल्यावर योद्ध्याला साजेसं मरण मागतो, आणि ते द्यायचं की त्याला जिवंत ठेवायचं, हे खेळणाऱ्यावर सोपवलंय.

मी दोन्ही करून पाहिलं. ‘बरोबर’ शेवट कुठला, यावरचा वाद मला गौण वाटतो. मारलं तर जिन मामाचा शब्द राखतो, सोडलं तर मामाला राखतो. दोन्हीकडे जिन शोगुनचा गुन्हेगारच राहतो.

मला खुपतं ते वेगळंच. हुकूम पार पाडायचा एवढंच शिमुराला हवं असतं, तर त्याच्याकडे सैन्य होतं, धनुर्धारी होते, भाचा बोलावल्यावर येणार याची खात्री होती. वाटेत दबा धरून बसवता आलं असतं. तो ते करत नाही. का बोलावलंय ते सांगतो, जिनची तलवार जिनकडेच राहू देतो, आणि पोराच्या बापाच्या कबरीजवळ येताना सोबत एकही माणूस आणत नाही.