खुनी कोण, ते चौदाव्या पानावरच लिहा

नाताळची सुट्टी, निफाडचा पारा एक आकडी, अंगावर गोधडी आणि हातात वाचनालयाची रहस्यकथा. असा योग वाया घालवू नये, म्हणून थोडं मार्गदर्शन.

आधी शेवटचं पान वाचा. उरलेली सुट्टी हुरड्याला मोकळी.

मग पुस्तक उघडंच पालथं घाला आणि गंगापूर धरणावर चक्कर मारून या. चिकटवलेल्या बांधणीचा गोंद थंडीत कडक होतो, असं दडपलं की पाठीवर तडकतो आणि पानं सुटतात. शेवटची सुटली तर फारच छान, पुढच्याने खुनी आपापला ठरवावा.

मिसळ खाताना वाचायचं असेल तर तर्री पुराव्यावरच सांडा.

आता मुख्य काम. पेन्सिल घ्या, बॉलपेन असेल तर उत्तम. चौदाव्या पानावर डॉक्टर पहिल्यांदा दारातून आत येतो, तिथे समासात लिहा : ‘हाच खुनी!’ खाली दोन रेघा. नंतर लाज वाटली तर खुशाल खोडा. रबराने शिसं जातं, कागदात उमटलेला चर जात नाही. दिव्याचा उजेड तिरका पडला की अक्षर न् अक्षर लागतं. २४० पानांचं पुस्तक म्हणजे सोळा पानांचे पंधरा फर्मे. तुम्ही पहिला फर्माही संपू दिला नाहीत, उरलेली २२६ पानं जागीच गार. लेखकाने तिथे काय मांडून ठेवलं होतं, कल्पना आहे? खरा पुरावा तो कधी एकटा ठेवत नाही. टेबलावर चष्मा, अडकित्ता, औषधाची बाटली, पंचांग अशी यादी देतो आणि लगेच दार वाजवतो, म्हणजे तुम्ही दाराकडे बघता, बाटलीकडे नाही. बाटली अर्धी झाली हे पंधरा-वीस पानांनी मोलकरीण भांडी घासताना बोलून जाते. मध्येच पुतण्याच्या चपलांना चिखल लावायचा, तो निव्वळ तुमच्यासाठी. आणि हे सगळं उघड्यावर! नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यातला एक असा की तपास करणाऱ्याला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. पत्ते उघडे टाकून डाव जिंकायचा, असलं अवघड काम ते. आणि तुम्ही? पाच रुपयांची पेन्सिल!

‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये १९५२ साली लागलं. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनवतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आपल्याकडे अशी विनवणी झाली असती तर पार्किंगमध्येच निकाल लागला असता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. एवढ्यांवर लिहायला एक सुट्टी पुरायची नाही, आत्ताच लागा कामाला.

अहो, पण पुस्तक तुमच्या तीर्थरूपांचं आहे का? वर्गणी तुम्ही भरता तशी बाकीचेही भरतात. तुम्हाला कळलं ना, मग गप्प बसा. फारच खुमखुमी असेल तर चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी स्वतःच्या खिशात ठेवा. बायकोलासुद्धा दाखवू नका, ती पुढे वाचणार असेल.

आणि परवा माझ्या हाती आलेल्या प्रतीत ज्यांनी दोन रेघा ओढल्यात, त्यांनी पुस्तक पुरं केलेलंच दिसत नाही. २४० पानं मी त्या बिचाऱ्या डॉक्टरवर डोळा ठेवून काढली. तो खुनी नव्हताच, महाराज. निदान नाव तरी बरोबर लिहायचं!