धा दोन हप्त्यांत

आमच्या घरात गाणं लावायचं असेल तर टीव्हीच्या कपाटाला आतून चिकटवलेली चिठ्ठी आधी वाचावी लागते. 'चालू करताना : १) डबा. २) दहापर्यंत मोजा. ३) खालचा अँप. ४) मधला अँप. ५) वरचा अँप. बंद करताना बरोबर उलटं. चुकल्यास मला सांगू नका, मला कळतं.' शेवटचं वाक्य खोडून बायकोने त्याखाली लिहिलंय, 'आम्ही फोनवर ऐकतो.'

डबा म्हणजे डिजिटल क्रॉसओव्हर. ज्यांचं आयुष्य सुखात चाललंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पीकरच्या खोक्यात तीन भाऊ राहतात. खाली ताटाएवढा वूफर, मधे वाटीएवढा एक, आणि वर रुपयाच्या नाण्याएवढा ट्वीटर. तिघांनाही अख्खं गाणं वाढून चालत नाही. वूफरला चिपळ्या झेपत नाहीत आणि ट्वीटरच्या वाट्याला डग्गा आला तर तो जिवानिशी जातो. म्हणून खालचे, मधले आणि वरचे सूर अशी वाटणी करायची. दुकानात मिळणाऱ्या साध्या स्पीकरमध्ये हे काम खोक्यात दडलेली कॉइल आणि कपॅसिटर मुकाट्याने करत असतात. त्यांचं अस्तित्व मालकाला जन्मभर कळत नाही. अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत मात्र वाटणी आवाज मोठा करणाऱ्या अँपच्या आधीच, डब्यात उरकायची आणि प्रत्येक भावाला वेगळी चूल मांडून द्यायची. तीन भाऊ, दोन बाजू, म्हणजे सहा चुली, एकेका अँपमध्ये दोन. मागच्या बाजूला वायरींचं जे काही झालंय ते बघून केबलवाला पोरगा एकदा हात जोडून परत गेला होता.

वाटणीचं शास्त्र मात्र देखणं आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघं ह्यूलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाच्या यंत्रांवर काम करणारे इंजिनियर. त्यांची पद्धत १९७६ साली छापून आली. हद्दीवर कुंपण घालायचं नाही. बरोबर हद्दीच्या रेषेवर दोन्ही भावांनी निम्म्या आवाजात गायचं, दोन निम्मे मिळून एक होतो. तिथून पुढे दुसऱ्याच्या रानात सप्तकागणिक २४ डेसिबल उतरत जायचं. म्हणजे एक सप्तक पलीकडे गेलात की तुमचा आवाज सोळावा हिस्सा उरला. भांडण नाही, खड्डा नाही, उंचवटा नाही. आमच्या कोकणातल्या आंब्याच्या कलमांची वाटणी १९७६ च्या आधीपासून कोर्टात आहे. लिंकविट्झसाहेबांना कुणी विचारलंच नाही.

माझ्या हद्दी २५० हर्ट्झ आणि २५०० हर्ट्झवर. निदान आज सकाळी होत्या. या डब्याची खोड हीच की त्यात काहीही बदलता येतं. हद्द बदला, उतार बदला, प्रत्येक भावाला डेसिबलच्या दशांशाने वर-खाली करा. कॉइल बदलायची तर कॉइल विकत आणावी लागते, त्यामुळे माणूस विचार करतो. इथे नुसतं बटण फिरवायचं असतं.

विकत घेतला तेव्हा डबा चालू केला आणि पहिल्याच रात्री बायको स्वयंपाकघरात जाऊन आली. "गॅस चालू राहिलाय का रे?" गॅस बंद होता. स्स्स् असा आवाज ट्वीटरमधून येत होता. हे डबे मुळात मांडवातल्या नि स्टेजवरच्या मोठ्या सिस्टिमसाठी बनवलेले. तिथे समोर हजार माणसं आणि एक बेंजो असताना स्स्स् कोण ऐकतंय? आमच्या हॉलमध्ये ट्वीटर सोफ्यापासून सात फुटांवर आणि मधे एकही कपॅसिटर नाही, अँप थेट त्याच्या तोंडाला लावलेला. बरं, आवाज कमी करावा तर तो डब्याच्या आधी, आकड्यांमध्येच कमी होणार. तिथला हिशेब असा की दर ६ डेसिबलला आवाजाचा बारकावा सांभाळणारा एक बिट खर्ची पडतो. रात्री शेजाऱ्यांना सांभाळून ३६ डेसिबल खाली आलो की सहा बिट गेले, आणि स्स्स् मात्र जागच्या जागी. घरातले बिट असे वाहून जाताना मला बघवेना. म्हणून डबा उघडायचं ठरवलं.

आवाजाचं नियंत्रण डब्याच्या नंतर, सहाही वायरींवर एकदम हवं. त्यासाठी एकाच दांड्यावर सहा मजले असलेला पॉट, म्हणजे आवाजाची फिरकी लागते. मी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काही बिघडवायचं असेल तर तपकीर गल्लीला पर्याय नाही.

"सहा गँगचा पॉट आहे का?"

दुकानदाराने मला चपलेपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. "दोनचा आहे. तीन घ्या."

"पण तिन्ही एकदम फिरायला हवेत."

"मग तीन माणसं ठेवा."

मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना हे फारच आवडलं. हात हलवत परत जाणं बरं दिसेना म्हणून मी ऑपअँप, म्हणजे डब्यातून आवाज पुढे पाठवणाऱ्या चिपा मागितल्या, एनई ५५३२, आठ पायांच्या.

"ओरिजिनल पाहिजेत का चालणारे?"

"ओरिजिनल चालत नाहीत?"

"चालतात ना. महाग चालतात."

डझनभर महाग घेतले. त्यांची गरज होती का, हा प्रश्न मला आता पडतो. त्या दिवशी हातात पुडी होती आणि डोक्यात वारं होतं.

डबा उघडला तो शनिवार. आत बोर्ड असा नेटका होता की बाळंतिणीच्या खोलीत चपला घालून शिरल्यासारखं वाटलं. ऑपअँप मुगाच्या दाण्याएवढे, त्यांचे पाय डोळ्यांच्या पापणीएवढे. माझी सोल्डरिंग गन मिक्सरच्या वायरी जोडायला घेतलेली. पहिला ऑपअँप निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याबरोबर बोर्डावरची तांब्याची टिकलीही निघून आली, नखाने खपली काढावी तशी. ती चिमट्यात धरून मी बराच वेळ उजेडाकडे बघत बसलो. मग केसाएवढ्या तारेने पूल बांधला. रात्री अडीचला डबा चालू झाला तेव्हा मी एकटाच उठून उभा राहिलो.

आणि स्स्स्? तो तसाच. महिनाभर जालीम उपायांच्या मागे लागल्यावर खरा इलाज निघाला तो प्रत्येक वायरीवर दोन रेझिस्टर लावण्याचा. त्यांनी आवाज सरसकट २० डेसिबल खाली येतो, म्हणजे डब्यातून येणारा स्स्स् एक दशांश, आणि मग आकड्यांत फारसं उतरावं लागत नाही. सहा वायरींचे बारा रेझिस्टर. एका चहात आले. ऑपअँपच्या बिलाबद्दल घरात विचारू नये.

स्स्स् गेल्यावर त्याच्याखाली इतके दिवस दडलेला घूंऽऽ ऐकू यायला लागला. डबा एका सॉकेटवर, अँप दुसऱ्यावर, लॅपटॉप तिसऱ्यावर, आणि सगळ्यांचे अर्थ एकमेकांत गुंतलेले. (अर्थ म्हणजे अर्थिंग. बाकी अर्थ या प्रकाराला नाहीच.) आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून घूंऽऽही ५० चा. आता आमचा हॉल भिंतीपासून भिंतीपर्यंत सव्वाअकरा फूट, म्हणजे ३.४३ मीटर. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. गणित केलंत तर ५० हर्ट्झची अर्धी लाट आमच्या दोन भिंतींमध्ये इंचालाही न चुकता बसते आणि घुमते. बिल्डरने कार्पेट एरियात कुठे कुठे हात मारलाय ते आम्ही मोजून पाहिलं होतं, पण हे माप त्याने काटेकोर पाळलं होतं.

घूंऽऽवर उपाय म्हणून सगळ्या पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणल्या. घूंऽऽ थांबला. त्या बोर्डाला एक लाल बटण आहे, ज्याने सगळं एकदम बंद होतं. डबा अँपच्या आधी किंवा बरोबर मेला तर जाता जाता एक लाथ मारून जातो, आणि जागा असलेला अँप ती लाथ इमानदारीने मोठी करून ट्वीटरला पोचवतो. भप्प! एक ट्वीटर असा गेला. दुसरा त्याच्याही आधी माझ्याच हातून गेला होता. मागच्या काळ्या वायरी सगळ्या एकसारख्या, मी खालची वर लावली, आणि रेकॉर्डवर डग्ग्याची पहिली थाप पडली. फार काही झालं नाही. टक् झालं. एवढासा जीव, टक् करून गेला.

दोन तेराव्यांनंतर मी ट्वीटरच्या वायरीत २० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावला. सिग्नलच्या वाटेतून कपॅसिटर हद्दपार करण्यासाठी हा सगळा संसार मांडला होता, तो असा मागच्या दाराने परत आला. मित्रांना मी हे सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर सासरे आले. अप्पा मिरजेचे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात. मिरज म्हणजे तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांचं गाव. अप्पा पोस्टातून निवृत्त झाले असले तरी तरुणपणी सहा वर्षं तबला शिकलेले, आणि फावला वेळ घालवला तो तंतुवाद्यांच्या दुकानांच्या पायरीवर. डोळ्याला हिरवी पट्टी. टीव्ही बघायचा नाही, पेपर वाचायचा नाही. "जावईबापू, तुमचं ते मशीन लावा की. नुसतं ऐकायला डॉक्टरची ना नाही."

चार वर्षांत आपणहून 'लावा' म्हणणारा हा पहिला माणूस. मी चिठ्ठीबरहुकूम पाच पायऱ्या चढलो आणि माझी नेहमीची रेकॉर्ड लावली. विलंबित तीनताल. तंबोरा भरून आला, तबला सुरू झाला. मी अप्पांच्या तोंडाकडे बघत होतो. नवे ऑपअँप घातल्यापासून आवाजाला एक खोली आलीय, गवई चार पावलं मागे आणि तबलजी पुढे बसल्यासारखा वाटतो, असं मी महिनाभर भेटेल त्याला सांगत होतो.

अप्पांनी पट्टीखालून कपाळ आकसलं. एक आवर्तन झालं. दुसरं झालं.

"हा तबलजी नवशिका आहे काय हो?"

"छे! मोठा माणूस आहे."

"मग 'धा' दोन हप्त्यांत का देतोय?"

मी म्हटलं, म्हणजे?

अप्पांनी सोफ्याच्या हातावर वाजवून दाखवलं. "धा म्हणजे दोन्ही हात एकदम. डग्ग्यावर गे, चाटीवर ना, मिळून धा. ह्याचा गे येतोय, आणि मग मागनं ना येतोय. ग्ना. ग्ना. पगार उशिरा झाल्यासारखा. डावा हात पुढं पळतोय त्याचा."

मी ऐकलं. आणि एकदा ऐकल्यावर दुसरं काही ऐकू येईना. ग्ना. ग्नीं ग्नीं ग्ना.

भानगड अशी. वूफरचा शंकू खोल असतो, त्यामुळे त्याचा आवाज थोडा मागून निघतो. मधल्याला आणि ट्वीटरला तेवढं थांबवून धरायचं असतं, म्हणजे तिघांचा आवाज एकदम पोचतो. डब्यात हे अंतर मिलिमीटरमध्ये भरतात. माझं माप होतं ८०. टिकली उखडलेल्या रात्री डब्याची स्मृती पुसली गेली होती आणि अडीच वाजता मी सगळे आकडे नव्याने भरले होते. लॅपटॉप उघडून पाहिलं. मधला आणि वरचा, दोघांपुढे दिमाखात उभा होता : ८०००.

आठ मीटर. म्हणजे तेवीस मिलिसेकंद. माझ्या तबलजीचा डग्गा हॉलमध्ये बसला होता आणि उजवा हात जिन्यावरून येत होता. महिनाभर ज्या 'खोली'चं मी कौतुक सांगत होतो ती ही.

दोन शून्यं खोडली. अप्पा म्हणाले, "हां. आता धा झाला." मला वाटलं सुटलो. पण ते पुढे सरकून बसले. "तंबोऱ्याची जवारी, तारांची ती झणझण, मात्र जरा बोथट आहे बघा. आमच्याकडं घोडीवर तारेखाली दोरा घालतात, केसभर इकडं-तिकडं सरकवतात, परत कानस मारतात. दिवस दिवस जातो. तुमच्या यात तसं काही सरकवता येतं?"

मी हळूच म्हणालो, येतं.

"मग सरकवा की."

२५०० ची हद्द २२०० वर आणली. अप्पा म्हणाले उघडली, पण चिरकतेय. २३५० केली. ट्वीटर अर्धा डेसिबल खाली घेतला. अप्पा म्हणाले आणखी चिमूटभर. रेकॉर्ड पहिल्या आवर्तनावर परत, परत, परत. जेवायची हाक आली, आम्ही आलो म्हणालो. दुसरी आली. तिसरी आलीच नाही. बायको आली, बापाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि वाकून लाल बटण दाबलं.

भप्प!

दिवा नव्हता, फक्त अँपची निळी टिकली हळूहळू विझत होती. मी ट्वीटरला कान लावला. कपॅसिटरने वाचवला होता.

ताटावर अप्पांनी पहिला घास मोडला आणि विचारलं, "फार गोड गातोय हो माणूस. पुढं द्रुत कसली आहे त्यात?"

मी आमटीत भात कालवत राहिलो. "तिथपर्यंत अजून ऐकलेलं नाही, अप्पा."