"पैलवान एका पंचमध्ये संपतो" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, कुठल्या मार्शल आर्टची कमजोरी काय याचा. त्यात म्हटलंय की पैलवान एका पंचमध्ये संपतो, बॉक्सर खाली पडला की संपतो, तायक्वांदो म्हणजे नुसता नाच, आणि खरी विद्या म्हणजे डोळ्यात बोटं घालणं, चावणं वगैरे, जी "एवढी घातक आहे की स्पर्धेत तिला बंदी आहे". हे वाचून आपल्या सिडको, पंचवटीतले आईबाप पोरांचे चालू क्लास बंद करायला निघालेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पैलवान. पंच लागायला मध्ये अंतर लागतं ना, पैलवान पटात (समोरच्याचे पाय धरायला खाली) शिरून कमरेला भिडला की हात फिरवायला जागाच राहत नाही. खबीब नूरमागोमेदोव हा फायटर एमएमएमध्ये, म्हणजे पंच, लाथ, पकड सगळं चालणाऱ्या लढतींत, २९ वेळा लढला आणि एकही हरला नाही, त्याचा पाया कुस्ती आणि साम्बो या रशियन कुस्तीप्रकाराचा. पैलवानाची खरी कमजोरी आहे, पण ती या मेसेजमध्ये नाहीच. पाठ टेकली की चितपट, त्यामुळे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं की धोका वाटला की पालथं व्हायचं आणि जमीन धरून ठेवायची, आणि कुस्तीत ते बरोबरच आहे. १९१० साली लंडनला झिबिस्को या पोलिश पैलवानाने गामासमोर हेच केलं, अडीच तासांच्या वर कुस्ती चालली आणि गामासारख्याला निकाल काढता आला नाही. पण जिथे गळा आवळायला परवानगी आहे तिथे पालथं होणं म्हणजे समोरच्याला आपली पाठ देणं, तो पाठीवर बसतो, हनुवटीखालून हात घालतो, की संपलं. दुसरी गोष्ट, पट काढताना मान खाली गेली की गळा आयता समोरच्याच्या काखेत सापडतो. तालमीत तयार झालेल्या पोराला या दोन सवयी मोडाव्याच लागतात, आणि त्या मोडता येतात. उलट त्याच्याकडे जे आहे ते विकत मिळत नाही, रोज पूर्ण जोर लावणाऱ्या जोडीशी लढत. आपल्या नाशिककडून खेळून हर्षवर्धन सदगीर जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरी झाला, तो काय पुस्तकात डाव बघून झाला का?

बॉक्सरचं म्हणणं अर्धं खरं आहे. नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी, म्हणजे एमएमएची स्पर्धा, झाली, तिथे आर्ट जिमरसन हा बॉक्सर एका हातात ग्लोव्ह घालून उतरला, जमिनीवरच्या पकडींत तरबेज रॉयस ग्रेसीने त्याला खाली घेतलं आणि त्याने हार मानली. पण पुढचं कोणी सांगत नाही. २०१५ मध्ये मेलबर्नला बॉक्सिंगमधून आलेल्या हॉली होमने राँडा राउझीला, म्हणजे ऑलिंपिक ज्युडो पदकवालीला, पकडीत टिकू दिलं नाही आणि डोक्यावर किक मारून नॉकआउट केलं. पकड सोडवायला शिकलेला बॉक्सर फार अवघड माणूस असतो.

ऑलिंपिकच्या तायक्वांदोत चेहऱ्यावर पंच मारायला मनाई आहे, त्यामुळे खेळाडूंचे हात खाली राहतात आणि तोंड उघडं पडतं, ही कमजोरी खरी. त्यावर उपाय सोपा आहे, त्याच पोरांना आठवड्यातून थोडं बॉक्सिंग द्या. पण नाच कसला? लाथेत किती दम असतो ते कराटेतल्या उदाहरणावरून बघा. टोकियो ऑलिंपिकच्या कराटे फायनलमध्ये, जिथे जोरात मारायचं नसतं तिथे, तारेग हमदीची एक किक डोक्यात लागून समोरचा गंजझादे बेशुद्ध झाला होता. सुवर्ण मात्र गंजझादेला मिळालं, कारण जास्त जोरात मारलं म्हणून हमदी बाद. लाथ तीच, ती चालते की नाही हे नियमाने ठरवलं.

आता सगळ्यात धोक्याचा मुद्दा, "घातक विद्या". जेरार्ड गोर्डो नावाचा डच फायटर होता, त्याने त्याच पहिल्या यूएफसीच्या फायनलमध्ये ग्रेसीच्या कानाला चावा घेतला, तरी गळा आवळला गेला आणि हरला. १९९५ ला जपानमध्ये त्याने युकी नाकाई या जपानी फायटरच्या डोळ्यात बोट घातलं, नाकाईची त्या डोळ्याची नजर कायमची गेली, आणि तरीसुद्धा ती लढत नाकाईनेच जिंकली, गोर्डोचा पाय पकडून, अंगाने गोर्डोपेक्षा खूप लहान असताना. कारण साधं आहे, डोळ्यात बोट घालायचा सराव जोडीदारावर खरोखर करताच येत नाही, हवेतच करावा लागतो, आणि पट किंवा पकड मात्र रोज जोर लावून घोटता येते. त्यामुळे दहा दिवसांत सेल्फ डिफेन्स शिकवतो म्हणणाऱ्याकडे पोरीला टाकायच्या आधी एकदा जाऊन बसा आणि बघा की समोरचा मुद्दाम पडतोय की खरोखर विरोध करतोय, आणि विरोध करणारं कोणी दिसलं नाही तर फी भरू नका.