‘बायो घेतलं की झालं’ म्हणणाऱ्यांना

नर्सिंग, फिजिओथेरपी, औषधनिर्माण अशा अभ्यासक्रमांना जायचं असेल तर शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत काय घ्यावं, याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय. बायो पक्कं करा, गणित सोडा म्हणजे टक्के वाढतील, फिजिक्स पास होण्यापुरतं ठेवा, भाषेत वेळ घालवू नका. आणि बायो नसेल तर या वाटेला जाऊच नका. मी पहिल्या वर्षाला शिकवते. हा सल्ला ऐकून आलेली मुलं पहिल्याच सत्रात हवालदिल होतात, म्हणून लिहितेय.

‘बायो पुरतं.’ सुरुवातीला फायदा होतो, हे खरंच. २०६ हाडं समोर आली की ज्याने पेशी, ऊती आधी वाचल्यात तो गांगरत नाही. पण शरीरक्रियाशास्त्र सुरू झालं की प्रश्न ‘का’ आणि ‘किती’ असे येतात. रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली आणि बाकी सगळं तेच राहिलं, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. रक्ताचा पीएच (आम्लता किती ते सांगणारा आकडा) ७.४ वरून ७.१ वर आला तर हायड्रोजन आयन दुप्पट होतात. फिजिक्स-केमिस्ट्री कच्चं असलं तर हे नुसतं घोकावं लागतं.

‘गणित सोडा.’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. १२ किलोचं बाळ, किलोमागे १५ मिलिग्रॅम औषध, बाटलीवर लिहिलंय ५ मिलीत १२० मिलिग्रॅम. उत्तर ७.५ मिली. सरावाच्या तासाला एका हुशार मुलीने ७५ लिहिलं आणि पुढच्या उदाहरणाकडे वळली. रीत बरोबर होती, दशांश चिन्ह राहिलं होतं. चूक कुणाचीही होते. पण ७५ मिली म्हणजे पंधरा चमचे, एवढ्याशा बाळाला एका वेळी पंधरा चमचे कसे पाजणार, हे तिच्या मनात आलंच नाही. आकडा बघताच ‘हे शक्यच नाही’ असं वाटायला हात सतत गणितात असावा लागतो. कॅल्क्युलेटर असतो की, असं मुलं म्हणतात. तो ७५ आल्यावर थांबवत नाही.

भाषेचं थोडक्यात. ‘रुग्ण बरा आहे’ अशी नोंद वाचून पुढच्या पाळीच्या नर्सला काहीच कळत नाही. ‘दुपारी २ पासून लघवी नाही, पोट फुगलंय’ वाचून ती लगेच उठते.

‘बायो नसेल तर नकोच.’ प्रवेशाचीच अट असेल तर इलाज नाही. नसेल तर पेशींपासून अवयवसंस्थांपर्यंतचा पाया सुट्टीत वाचून काढता येतो. गणिताची तुटलेली सवय जोडायला, माझ्या अनुभवात, त्याहून जास्त वेळ लागतो. एक मुलगा बायोशिवाय आला होता. पहिले दोन महिने प्रत्येक आकृती स्वतः काढून बघायचा, फार दमायचा. डोस काढायचा तास आला, तेव्हा बाकीची मुलं वह्या घेऊन त्याच्या बाकाभोवती उभी होती.