रस्ता कशाला मागता? पॅटन घ्या!

एप्रिल आणि मे सगळा कोरडा गेला. पहिला पाऊस पडला आणि ठेकेदाराचा जेसीबी आमच्या गल्लीत शिरला. पाइपलाइनचा मुहूर्त असा पावसातच निघतो. परवा त्या राड्यात माझा बूट रुतून बसला आणि पाय मोज्यासकट बाहेर आला. तेव्हा नागरिकहो, तक्रारी बंद करा आणि पॅटन विकत घ्या.

पॅटन म्हणजे घातलेल्या बुटाखाली पट्ट्याने बांधायचा उंच लाकडी तळ. आपल्या खडावांचा इथे उपयोग नाही, त्या अनवाणी पायाच्या. युरोपात शेकडो वर्षं लोक पॅटन घालून चिखल तुडवत. यान व्हान आइकच्या १४३४ च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात एक जोडी काढून ठेवलेली दिसते. एवढा श्रीमंत व्यापारी, पण रस्त्याबद्दल चकार शब्द काढला नसणार. शिका काहीतरी.

लाकूड हलकं घ्या, पण सरकारला विचारून. १४१६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने पॅटनवाल्यांना अ‍ॅस्पेनचं लाकूड वापरायला बंदी घातली होती, कारण ते बाणांसाठी हवं होतं.

तळाला लोखंडी कडं बसवून घ्या. पुढेपुढे इंग्लंडात तशीच पद्धत होती. फरशीवर खणखणाट होतो. तिथल्या काही चर्चमध्ये ‘पॅटन बाहेर काढा’ अशा पाट्या असत. म्हणजे पाट्यांचा मक्ता एकट्या पुण्याकडे नाही.

उंची किती घ्यावी? इथे जरा पंचाईत आहे. लंडनच्या चिखलात माती, लीद, गटाराचं पाणी, जे असेल ते समोर दिसायचं. आपल्याकडे वर चहाच्या रंगाचं पाणी आणि खाली काय, ते ज्याने खोदलं त्यालाही ठाऊक नाही. चेंबरला झाकण आहे की नुसतं तोंड उघडं आहे? मुरूम टाकला तो दाबला का? पाइपवाले बुजवून जातात, लगेच केबलवाले उकरतात, मग गॅसवाले येतात. पुढच्याने यायच्या आत डांबर टाकायचं नाही असा काही करार झालाय का तुमच्यात? आमच्या शेजारच्या काकू अर्ध्या विटांवरून तोल सावरत दूध आणायला जातात, एक हात भिंतीला, दुसऱ्यात पिशवी. काकूंनाही पॅटन बांधू का?

लंडनमध्ये पॅटन बनवणाऱ्यांची संघटना १३७९ पासून नोंदीत आहे. आजही आहे, पण पॅटन कुणी घालत नाही. रस्ते फरसबंद झाले, पदपथ झाले, मग कोण कशाला लाकूड बांधेल पायाला? आम्ही कर भरतो तो याचसाठी. खोदायचं तर पावसाळ्याआधी खोदा. सगळ्यांच्या लाइन एकदाच टाका. बुजवलं की रोलर फिरवा आणि मगच बिल लावा. लाज नाही का वाटत, पाण्यात खडी टाकून फोटो काढायला? आणि मतं मागायला याल, तेव्हा गाडी नाक्यावर सोडा आणि गल्लीतून चालत या.