‘तीन महिन्यांची साखर’ एकटी पुरत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर सांगतो: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) हीच मधुमेहाची एकमेव खरी तपासणी, ती कशानेही बदलत नाही, घरी साखर बघत बसणं व्यर्थ, ग्लुकोमीटर आणि लॅबचे आकडे जुळले नाहीत तर लॅब खोटी, लघवीत साखर नसेल तर मधुमेहच नाही.

‘कशानेही बदलत नाही’ हे यातलं सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच. रक्तातलं ग्लुकोज तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटतं आणि पेशी जगेल तोवर तिथेच राहतं. पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणजे हा आकडा साखरेइतकाच पेशींच्या आयुष्यावरही ठरतो. पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल, तर तो खोटा कमी येतो. लोह कमी असेल तर खोटा जास्त. देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांना या एका आकड्यावर मधुमेही ठरवायचं?

नंदुरबार-गडचिरोलीकडचा सिकलसेलचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण घ्या. दोन्ही जनुकं सिकलची असतील तर त्याच्या रक्तात नेहमीचं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन ‘ए’च नसतं, आणि एचबीएवनसी म्हणजे या ‘ए’ला चिकटलेली साखर. मग एचबीएवनसी मोजणार कशाचं? हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या आलेखात वेगळं हिमोग्लोबिन बहुधा दिसतं. प्रतिपिंडांवर चालणाऱ्या पद्धतीत नुसता आकडा मिळतो, वेगळं हिमोग्लोबिन दिसत नाही. अशा रुग्णासाठी फ्रुक्टोसमीन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) आणि थेट ग्लुकोजच बघावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ६.५ टक्क्यांची निदान-मर्यादा मान्य केली, तीही असा अडथळा नसेल तरच.

लॅब खोटी? ग्लुकोमीटरच्या २०१३ च्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर १५ टक्क्यांचा फरक चालतो. लॅबमध्ये २०० आणि घरी १७५, दोन्ही ठीक. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्त असते. विचारायचंच असेल तर नमुना किती वेळ पडून होता ते विचारा. साध्या नळीत पेशी तासाला ५ ते ७ टक्के ग्लुकोज संपवतात. म्हणून राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी वापरतात, पण फ्लोराइडचा परिणाम व्हायलाही तास-दोन तास जातात. तालुक्याहून दुपारी शहरात पोचलेल्या नमुन्यात साखर कमी दिसू शकते.

लघवीत साखर उतरते ती बहुतेकांत रक्तातली पातळी १८० च्या आसपास गेल्यावर. उपाशीपोटी १२६ हा मधुमेहाचा आकडा आहे, तेव्हा लघवी तपासायची पट्टी कोरीच राहील. उलट डापाग्लिफ्लोझिन हे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं औषध घेणाऱ्याच्या लघवीत रक्तातली साखर आटोक्यात असतानाही ग्लुकोज भरपूर सापडतं.

आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी घरची तपासणी अजिबात सोडू नये. पहाटे ५० आणि जेवणानंतर २८० असं रोज होत असलं, तरी सरासरी चांगली दिसू शकते. पहाटेचे ते ५० एचबीएवनसीच्या रिपोर्टमध्ये कुठेच उमटत नाहीत.