मॉस ही फुलझाडांची पूर्वज नव्हे

शैवालापासून मॉस (ओलसर जागी वाढणारी छोटी हिरवी वनस्पती), मॉसपासून नेचे (फर्न), नेच्यांपासून फुलझाडे. परीक्षेच्या टिपणांत आणि फिरणाऱ्या तक्त्यांत ही शिडी हमखास असते. सोबत तीन ठरलेली विधाने: मॉस म्हणजे जरा सुधारलेले शैवाल, तिच्यात पाणी वाहून नेणारे काहीच नसते, आणि ब्रायोफायटा, म्हणजे मॉस व तिच्यासारख्या छोट्या वनस्पती, हा एकच विभाग.

पहिले विधान फार टिकत नाही. मॉसचा बहुपेशीय भ्रूण मातृवनस्पतीवरच, तिच्याकडून पोषण घेत वाढतो. शैवालांत हे नाही. फ्युनारिया या मॉसची दांड्यावरची, बीजाणूंनी (पुनरुत्पादनाच्या सूक्ष्म पेशींनी) भरलेली बोंडी भिंगातून बघा. झाकण गळाले की तोंडाशी दातांच्या दोन रांगा दिसतात, प्रत्येकी १६ दात. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे ते हलतात आणि बीजाणू एकदम न सांडता थोडेथोडे बाहेर पडतात. असली यंत्रणा कुठल्या शैवालात दाखवाल?

पाण्याचे म्हणाल, तर पॉलिट्रायकम या मॉसच्या खोडात हायड्रॉइड नावाच्या लांबट, मृत पेशी असतात. त्या पाणी वर नेतात. त्यांच्या भित्तीत लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य) नसते, म्हणून त्यांना खरी जलवाहिनी म्हणत नाहीत, एवढेच. डॉसोनिया ही मॉस तर अर्ध्या मीटरपर्यंत उंच होते.

एकच विभाग ही जुनी मांडणी. आता मॉस (सुमारे १२,००० जाती) आणि तिच्यासारखेच छोट्या वनस्पतींचे दोन गट, लिव्हरवर्ट (सुमारे ७,०००) आणि हॉर्नवर्ट (जेमतेम दोनशेच्या आसपास), असे तीन स्वतंत्र विभाग मानतात. त्यांच्या सीमाही सहज ठरल्या नाहीत. टाकाकिया या छोट्या वनस्पतीचे वर्णन १९५८ साली झाले ते लिव्हरवर्ट म्हणून. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर बोंडीसकट नमुने सापडले, तेव्हा कुठे तिची रवानगी मॉसमध्ये झाली.

आता मूळ शिडी. जनुकांच्या तुलनेतून, विशेषतः २०१८ नंतर, चित्र बरेच स्पष्ट झाले आहे: हे तिन्ही गट मिळून एक शाखा, आणि नेचे-फुलझाडे ही तिच्या शेजारची दुसरी. म्हणजे मॉस फुलझाडांची आजी नव्हे, चुलत बहीण. दोघींच्या घराण्यांचे वय सारखेच. लिव्हरवर्टला पर्णरंध्रे (वायूंची देवाणघेवाण करणारी सूक्ष्म छिद्रे) नाहीत, हा त्यांच्या आदिमपणाचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे शिकवला गेला. पण हॉर्नवर्टमध्ये आणि बऱ्याच मॉसच्या बोंडीवर पर्णरंध्रे असतात, आणि लिव्हरवर्ट तर मॉसचेच सर्वांत जवळचे नातलग. तेव्हा पर्णरंध्रे लिव्हरवर्टच्या पूर्वजांत होती आणि लिव्हरवर्टनी ती पुढे गमावली, हाच अर्थ अधिक पटतो.